मधल्या रकान्यातला वायू

1 मार्च 2012 रोजी चीनच्या भूमी आणि संसाधन मंत्रालयाने बीजिंगमध्ये एक आकडा जाहीर केला. देशाच्या पोटातल्या शेल खडकांतून तंत्रज्ञानाच्या बळावर काढता येईल असा नैसर्गिक वायू 25.08 लाख कोटी घनमीटर! मथळा व्हावा असाच आकडा होता आणि तो झालाही. त्याच्या पोटात मात्र तीन रकान्यांचा एक तक्ता होता, आणि त्याकडे बातमीदारांपैकी फारसे कोणी वळले नाही. खोल समुद्रात साचलेल्या गाळाचा शेल, त्यातून 8.19 लाख कोटी. जमिनीवरच्या सरोवरांत साचलेला शेल, त्यातून 7.92. आणि या दोहोंच्या मधला, म्हणजे समुद्र आणि जमीन जिथे एकमेकांना भिडतात त्या पट्ट्यात साचलेला शेल, त्यातून 8.97. सगळ्यात मोठा वाटा या मधल्या रकान्याचा होता. शास्त्रीय नाव लांबलचक आहे, म्हणून या लेखापुरते आपण त्याला काठाचा शेल म्हणू.

त्या दिवसापर्यंत या काठाच्या शेलमधून एका चुलीपुरताही वायू विकला गेलेला नव्हता. खरे तर समुद्री शेलची स्थितीही त्याहून फार बरी नव्हती. पण आकडे बांधायला विहिरी लागत नाहीत. खडकाचे क्षेत्र, जाडी, त्यातल्या सेंद्रिय कार्बनाचे प्रमाण आणि एक गुणक एवढ्या भांडवलावर लाख कोटींची गणिते होतात.

घाई कशाची होती, हे समजायला अमेरिकेकडे पाहावे लागते. टेक्सासमधल्या बार्नेट शेलमागे जॉर्ज मिचेल नावाचा जिद्दी माणूस जवळजवळ दोन दशके पैसा ओतत होता. 1998 च्या सुमारास त्याच्या अभियंत्यांनी घट्ट जेल वापरणे सोडून पातळ पाणी, थोडी रसायने आणि वाळू असे मिश्रण प्रचंड दाबाने खडकात घुसवले आणि खडक बोलू लागला. मग त्याला आडव्या विहिरींची जोड मिळाली. दहा वर्षांत अमेरिकेचे वायूचे गणितच पालटले. नोव्हेंबर 2009 मध्ये बराक ओबामा बीजिंगला गेले तेव्हा हू चिंताव यांच्याबरोबर झालेल्या करारांत शेल वायूवरच्या सहकार्याचाही एक करार होता. त्याच वर्षअखेरीस सिचुआनमध्ये चीनने वेई-201 ही आपली पहिली शेल वायूची विहीर खोदायला घेतली. डिसेंबर 2011 मध्ये शेल वायूला 172वे स्वतंत्र खनिज म्हणून सरकारी मान्यता मिळाली. ही कागदी गोष्ट वाटेल, पण तिचा अर्थ असा की तेल-वायूवर मक्तेदारी असलेल्या बड्या सरकारी कंपन्यांखेरीज इतरांनाही या खनिजाच्या लिलावात उतरता येणार होते.

अंदाजापाठोपाठ पंधरवड्यातच पंचवार्षिक उद्दिष्ट आले. 2015 पर्यंत वर्षाला 6.5 अब्ज घनमीटर, आणि 2020 पर्यंत 60 ते 100 अब्ज! प्रत्येक घनमीटरमागे 0.4 युआन अनुदान. डिसेंबर 2012 मध्ये लिलावाच्या दुसऱ्या फेरीचे निकाल लागले, 19 क्षेत्रे 16 कंपन्यांच्या पदरात पडली. विजेत्यांत वीज कंपन्या होत्या, कोळसा कंपन्या होत्या, प्रांतिक सरकारांनी घाईघाईने उभ्या केलेल्या गुंतवणूक कंपन्याही होत्या. तेलविहिरीचा अनुभव बहुतेकांना नव्हता. बडे मासे मात्र फारसे गळाला लागले नाहीत, कारण उत्तम जागा त्यांच्याकडे आधीपासूनच होत्या.

त्याच सुमारास, 28 नोव्हेंबर 2012 ला, छोंगछिंगजवळच्या फूलिंगमध्ये जे झाले त्याने सगळा खेळच बदलला. फूलिंग चीनभर ओळखले जाते ते मोहरीच्या देठांच्या मसालेदार लोणच्यासाठी. तिथल्या च्याओशिबा या डोंगराळ भागात सिनोपेक या बड्या सरकारी तेल कंपनीने च्याओये-1 ही विहीर सुमारे अडीच किलोमीटर खाली नेऊन आडवी वळवली, हजारेक मीटर लांबीत 15 टप्प्यांत खडक फोडला, आणि दिवसाला 2 लाख 3 हजार घनमीटर वायू बाहेर आला. भूवैज्ञानिक ग्वो शूशेंग आणि त्यांचे सहकारी याआधी दक्षिण चीनमध्ये बरेच हात पोळून घेऊन इथवर आले होते. त्यांनी त्यातून दोन अटी काढल्या होत्या. शेल खोल समुद्राचा हवा, आणि नंतरच्या भूहालचालींत त्याचे झाकण शाबूत राहिलेले हवे. दक्षिण चीनमधला खडक इतका मोडलेला-मुरडलेला आहे की पहिली अट पुरी करणारे पुष्कळ सापडतात, दुसरीपाशी बहुतेक गळतात.

फूलिंगचा तो शेल लोंगमाशी नावाचा, सुमारे 44 कोटी वर्षांपूर्वीचा. शांत, खोल, प्राणवायू नसलेल्या पाण्याच्या तळाशी साचलेला. त्यात ग्रॅप्टोलाइट नावाच्या तरंगत्या जीवांचे करवतीच्या पात्यासारखे दिसणारे ठसे आहेत. ते जीव इतक्या वेगाने बदलत गेले की ठसा पाहून थर कोणत्या काळातला ते जाणकाराला सांगता येते, आणि हवा तो थर नेमका कोणता हेही त्यावरून ठरते. सर्वांत गुणवान थराची जाडी तीस-चाळीस मीटर, आणि तो मैलोन्‌मैल जवळपास तसाच राहतो. त्यात क्वार्ट्‌झचे प्रमाण मोठे, त्यातले बरेचसे सूक्ष्म समुद्री जीवांच्या सांगाड्यांतून आलेले. असा खडक ठिसूळ असतो, दाब दिला की तडकतो आणि तडा उघडा राहतो. शिवाय शैवालासारख्या जीवांपासून बनलेले सेंद्रिय द्रव्य आधी तेल बनते, मग उष्णतेने ते तेल तुटून वायू होतो, आणि या प्रक्रियेत मागे नॅनोमीटर मापाची असंख्य छिद्रे उरतात. वायू राहतो तो त्यांत.

मधल्या रकान्यातल्या शेलला यातले जवळपास काहीच लागू पडत नव्हते.

हा शेल पाहायचा तर उत्तर चीनमध्ये, शानशी प्रांतात जावे. तिथल्या कोळशाची कीर्ती जुनी आहे. 1870 च्या सुमारास जर्मन भूवैज्ञानिक फर्डिनांड फॉन रिख्तहोफेन तिथे हिंडला आणि त्याने लिहून ठेवले की जगाची तेव्हाची गरज हा एकटा प्रांत काही हजार वर्षे भागवू शकेल. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी एरिक नोरीन या स्वीडिश भूवैज्ञानिकाने थाइयुआन शहराच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांत एकेक थर मोजून त्यांची उतरंड लावली. थाइयुआन आणि शानशी ही त्या थरांच्या गटांची नावे आजही चालतात. खाली थाइयुआन गट, त्यात कोळशाच्या थरांमध्ये समुद्री चुनखडकाचे पट्टे. वर शानशी गट, त्यात चुनखडक जवळपास संपलेला, कोळसा आणि वालुकाश्म वाढलेले. समुद्र कसा मागे हटत गेला त्याची ही खडकात लिहिलेली दैनंदिनी आहे. काळ सुमारे 29-30 कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा उत्तर चीनचा भूखंड विषुववृत्तापासून फार दूर नव्हता, आणि किनाऱ्यावरच्या दलदलींत लेपिडोडेंड्रॉनसारखी खवल्यांच्या सालीची उंच झाडे वाढत होती.

अशा किनाऱ्यावर गाळ कसा साचतो, हे समजायला कोकणातली एखादी खाडी डोळ्यांसमोर आणली तरी पुरे. तोंडाशी वाळूचा दांडा, त्याच्या आत मचूळ पाण्याचे संथ खाजण, काठाने कांदळवन, वरून येणाऱ्या नदीचा लाल गाळ; आणि हे सारे पाचशे पावलांत. भरतीच्या वेळी एक नकाशा, पावसाळा संपला की दुसरा. हेच कोट्यवधी वर्षे चालले आणि गाडले गेले तर काय उरेल? चार मीटर शेल, दीड मीटर कोळसा, मग वालुकाश्म, पुन्हा दोन मीटर शेल. शेजारच्या विहिरीत त्यातला एखादा थर गायबच. आडवी विहीर हजार मीटर एकाच थरात ठेवायची असते. इथे थरच मध्ये दगा देतो.

दुसरी अडचण जैविक आहे. इथले सेंद्रिय द्रव्य झाडांच्या खोडा-पानांचे. ते तेल जवळपास देत नाही, थेट वायू देते. वायू भरपूर देते, पण तेल तुटून तयार होणारी ती सूक्ष्म छिद्रे त्यात कमीच. आणि तिसरी अडचण चिकणमातीची. नदीने आणलेल्या गाळात ती अर्ध्याच्या आसपास असू शकते. अशा खडकावर दाब दिला की तो तडकण्याऐवजी दबतो. तडा पडलाच तर तो उघडा ठेवायला सोडलेले वाळूचे कण मऊ भिंतीत रुततात आणि तडा पुन्हा मिटतो. कार्बन मोजणाऱ्याला हा खडक श्रीमंत वाटतो, फोडणाऱ्याला दळभद्री. 2012 चा तक्ता कार्बन मोजणाऱ्यांनी केलेला होता, असे म्हटले तर फार अन्याय होणार नाही.

याची पहिली ठसठशीत प्रचिती हनान प्रांतात आली. चंगचौ आणि काइफंग या दोन शहरांच्या मधला झोंगमू हा सपाट, लसणासाठी नावाजलेला परिसर. 1938 मध्ये जपानी सैन्य रोखायला पीत नदीचा बांध फोडला तेव्हा सर्वाधिक झळ लागलेल्या तालुक्यांत हाही होता. दुसऱ्या फेरीत या क्षेत्राचा लिलाव झाला, आणि 2014 च्या सुमारास इथल्या थाइयुआन-शानशी थरांत घेतलेल्या उभ्या विहिरीत खडक फोडल्यावर वायू आला. बातमी झाली, कारण काठाच्या शेलनेही वायू दिला होता. आला होता दिवसाला हजार-सव्वा हजार घनमीटर. उभ्या विहिरीची आडवीशी तुलना करणे बरोबर नाही हे मान्य; तरीही फूलिंगच्या दीडशेव्या हिश्श्याच्या आसपास असलेला हा प्रवाह पाहून बँकेचे पाकीट कोण उघडणार?

बाकीच्या विजेत्यांचीही तीच कथा. तीन वर्षांत अमुक खर्च करू, इतक्या विहिरी खणू, ही वचने हवेत राहिली. नोव्हेंबर 2014 मध्ये मंत्रालयाने पहिल्या फेरीतल्या दोन्ही विजेत्यांना, त्यांत खुद्द सिनोपेकला, कबूल केलेली गुंतवणूक न केल्याबद्दल दंड केला आणि त्यांचे क्षेत्र कापून घेतले. त्याआधी ऑगस्टमध्ये 2020 चे उद्दिष्ट मुकाट्याने 30 अब्ज घनमीटरवर उतरवले गेले होते. 2015 साली उत्पादन झाले साडेचार अब्जांच्या आसपास, आणि ते जवळजवळ सारे समुद्री शेलमधले.

2015 मध्ये फेरमोजणी झाली. एकूण आकडा थोडाच घटला, 25.08 वरून 21.8 लाख कोटींवर आला. पण आतले रकाने पाहा. समुद्री शेल 8.19 वरून 13 लाख कोटींवर चढला. काठाचा 8.97 वरून 5.1 वर आला. सरोवरी 3.7 वर. तीन वर्षांत मधल्या रकान्यातून जवळजवळ चार लाख कोटी घनमीटर वायू उडून गेला, आणि तो जाळलाही कोणी नव्हता. मला या सगळ्या प्रकरणात हा तक्ता सर्वांत बोलका वाटतो. विहिरींनी अंदाजकर्त्यांना शिकवले, आणि अंदाजकर्त्यांनी शिकल्याचे निदान लपवले नाही. सरकारी आकडेवारीत हा गुण सहसा दिसत नाही.

याच काळात आपल्याकडे काय चालले होते? फूलिंगच्या पावणेदोन वर्षे आधी, 25 जानेवारी 2011 ला, पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरजवळ इच्छापूर येथे ओएनजीसीच्या विहिरीत सुमारे 1,700 मीटर खोलीवर शेलमधून वायू आला होता. थर होता बॅरन मेझर्स; वर राणीगंज आणि खाली बराकर हे दोन कोळसाधारी गट, आणि मध्ये हा कोळसा नसलेला. चंद्रपूर-वणीच्या खाणींचा कोळसा ज्या गोंडवना खडकांतला, त्याच कुळातला. वयाने शानशीच्या खडकांच्या जवळपासचा, पण जग निराळे. तिकडे उष्ण दलदली, तर इकडे हिमयुगातून नुकत्याच बाहेर पडलेल्या थंड दऱ्या आणि ग्लॉसॉप्टेरिसची वने. समुद्राचा हात इथवर कुठे-कुठे पोचला यावर वाद आहेत, मध्य प्रदेशात उमरियाजवळ सापडलेला समुद्री जीवाश्मांचा थर त्या वादाला खतपाणी घालत आला आहे. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती विभागाने 2013 मध्ये भारताच्या नावावर 96 लाख कोटी घनफूट शेल वायू मांडला होता. त्याआधी अमेरिकेच्याच भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तीन खोऱ्यांपुरता काढलेला अंदाज होता जेमतेम 6.1 लाख कोटी घनफूट. ऑक्टोबर 2013 मध्ये केंद्राचे धोरण आले, ओएनजीसी आणि ऑइल इंडिया यांना क्षेत्रे मिळाली, गुजरातेत जंबुसरलाही विहीर झाली. व्यापारी उत्पादनापर्यंत मात्र गाडी गेली नाही. आपण थांबलो त्याला खडकाइतकेच पैसे आणि हिशेब कारण होते. चीन थांबला नाही त्यालाही तेच.

चीनला थांबणे परवडणारे नव्हते. 2017 च्या हिवाळ्यात, हवा स्वच्छ करायची म्हणून उत्तर चीनमधल्या लाखो घरांच्या कोळशाच्या शेगड्या काढून वायूची जोडणी देण्यात आली, आणि वायू पुरेनाच. हबेई प्रांतातल्या छुयांगमध्ये शाळांचे वर्ग गारठले होते, तेव्हा मुलांना बाहेर उन्हात बसवून शिकवल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. सिचुआनचा वायू दूर. बीजिंग आणि हबेईच्या जवळ होता तो शानशी प्रांत आणि त्याला लागून असलेल्या ओर्डोस या भूवैज्ञानिक खोऱ्याची पूर्व कड. म्हणजे पुन्हा तोच मधला रकाना.

या कडेवर दानिंग आणि चीशियान हे दोन तालुके आहेत. पिवळट लोएस मातीचे कापलेले डोंगर, त्यांच्या उतारांवर सफरचंदाच्या बागा, आणि पश्चिमेला पीत नदी. नदीचे सारे पाणी जिथे एका अरुंद घळीत कोसळते तो हुकोउ धबधबा चीशियानच्याच हद्दीवर आहे. पाण्याची गंमत अशी की नदी उशाशी असून डोंगरावर ते दुर्मीळ, आणि एक शेल विहीर फोडायला हजारो घनमीटर पाणी लागते. इथे चायना नॅशनल पेट्रोलियमची कंपनी कोळशातला आणि वालुकाश्मातला वायू काढत होती. शेलमधून विहिरी रोज पार जात होत्या, कोणी थांबत नव्हते.

आता थांबले. दाजी-51 या विहिरीतून शानशी गटाच्या खालच्या भागाचा अखंड गाभा वर काढला गेला. लांबट पेट्यांत मांडलेले ते काळे-करडे दंडगोल, प्रत्येकावर खोलीचा आकडा. संशोधक त्यावरून सेंटिमीटरा-सेंटिमीटराने गेले, आणि 2020 मध्ये त्यांनी जे छापले त्यात सरसकट काठाच्या शेलची तरफदारी नव्हती. त्यांनी त्या पट्ट्याचे तुकडे पाडले. दलदलीतला शेल कोळशाकडे झुकलेला आणि मऊ. नदीमुखातला वाळूने भरलेला. वाळूच्या दांड्यामागच्या संथ खाजणातला शेल मात्र वेगळा निघाला: कार्बन भरपूर, क्वार्ट्‌झही बऱ्यापैकी, आणि थर त्यातल्या त्यात सलग. म्हणजे मधल्या रकान्यात खरोखर काही होते, पण ते रकानाभर पसरलेले नव्हते. आडव्या विहिरींच्या चाचण्यांनीही आशा दाखवली.

आणि मग कहाणीने वळण घेतले. याच दानिंग-चीशियान भागात 2021 मध्ये, दोन किलोमीटरहून खोल असलेल्या आठ क्रमांकाच्या कोळशाच्या थरात एक आडवी विहीर घेऊन तो थर शेलसारखाच मोठ्या प्रमाणावर फोडण्यात आला. दिवसाला 1 लाख 1 हजार घनमीटर वायू आला. कोळशातून! इतक्या खोलीवर कोळशातल्या भेगा वरच्या वजनाने मिटलेल्या असतात, म्हणून तिथून वायू काढण्यात अर्थ नाही, असे तोवर बहुतेक जण मानत आले होते. या थरात कोळशाला चिकटलेल्या वायूखेरीज मोकळा वायूही होता, आणि ठिसूळ कोळसा फोडणे चिकणमातीच्या शेलपेक्षा सोपे गेले. त्याच वर्षी या क्षेत्राच्या नावे 112 अब्ज घनमीटर सिद्ध साठा नोंदवला गेला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे म्हणायचा मोह होतो. पण वळसा घातला नसता तर कळसा दिसलाच नसता, असे माझे मत आहे. आडवी विहीर थरात ठेवण्याची कला, टप्प्याटप्प्याने फोडण्याची यंत्रे, पंपांचे ताफे, हजारो टन वाळू पुरवणारी व्यवस्था आणि ती हाताळणारी माणसे शेलच्या निमित्ताने तयार झाली होती. शेलवर केलेला खर्च कोळशाने फेडला.

समुद्री शेलने दरम्यान आपले काम केले. 2020 मध्ये चीनचे शेल वायूचे उत्पादन 20 अब्ज घनमीटरवर पोचले, 2022 मध्ये सुमारे 24 अब्जांवर. सुधारलेल्या 30 अब्जांच्या उद्दिष्टालाही ते पुरे पडले नाही, मूळच्या 60 ते 100 अब्जांची तर बातच नको. काठाच्या शेलचा त्यातला वाटा नगण्य राहिला. ओर्डोसच्या पूर्व कडेवर आता रिग येतात त्या मुख्यतः खोल कोळशासाठी. कोळसा, वालुकाश्म आणि शेल यांचा वायू वेगवेगळा न मोजता एकाच कोळसाधारी थरमालेचा वायू म्हणून एकत्र काढावा, असा विचार तिथल्या भूवैज्ञानिकांत बळावत आहे. तो मान्य झाला तर 2012 च्या तक्त्यातला मधला रकाना वेगळा ठेवण्याचे कारणच उरणार नाही.